एका कान्याचा फरक

१२ मे २०२२ च्या दुपारी कार्यालयात येऊन मी पिशवी खुर्चीला अडकवते न अडकवते तोच टेबलावरचा फोन वाजला. ऑपरेटरने सांगितले की वाईहून कुणी वाचक सकाळपासून तिसऱ्यांदा फोन करीत आहेत आणि त्यांना आंतरराष्ट्रीय पान लावणाऱ्या माणसाशीच बोलायचे आहे. पलीकडचा आवाज वयस्कर होता, पण खणखणीत होता, आणि त्यामागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती. आपण निवृत्त मराठी शिक्षक असल्याचे त्यांनी सांगितले आणि लगेच विचारले, "आजच्या अंकात आतल्या पानावर, खाली डावीकडे, 'पत्रकार शिरीन अबू अक्लेह यांचे निधन' हा मथळा तुम्ही केलात का?" मी हो म्हटले. "त्या कशाने गेल्या?" गोळी लागून, मी म्हटले. "मग निधन कसं हो? निधन अंथरुणावर होतं. गोळी लागलेल्या माणसाचं निधन होतं का?" मला त्या दिवशी दोन पाने लावायची होती आणि वेळ थोडा होता. डेस्कवर बसणारे सगळेच देतात ते उत्तर मी दिले. "सर, सिंगल कॉलम होता. जागा नव्हती." क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "ताई, निधनाची अक्षरं तीन आहेत. ठारची दोन."

फोन मी ठेवला, त्यांनी नव्हे.

जागेचे कारण खोटे होते हे मला ठाऊक होते. आदल्या रात्री पानाचा वरचा भाग श्रीलंकेने व्यापला होता, कारण महिंदा राजपक्षे यांच्या राजीनाम्याला दोनच दिवस झाले होते, आणि त्याखाली रोजच्यासारखे युक्रेन होते. शिरीन या अल जझीरा वाहिनीच्या वार्ताहर, आणि त्यांना गोळी लागली त्या पॅलेस्टिनी शहराची, जेनिनची, बातमी वृत्तसंस्थांकडून दिवसभर येत राहिली होती आणि प्रत्येक नव्या प्रतीत एक दावा वाढत होता. अल जझीरा आणि पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालय इस्रायली सैनिकांनी गोळी घातल्याचे सांगत होते, तर इस्रायल सरकार पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांची गोळी लागली असण्याची शक्यता वर्तवीत होते. अशा वेळी पान सोडण्याच्या घाईतल्या उपसंपादकाला एक गुळगुळीत, कुणालाच न टोचणारा शब्द हवा असतो. निधन हा तसा शब्द आहे. त्याला उदबत्तीचा वास येतो, तो आदरार्थी आहे, आणि तो उच्चारला की पुढे 'कोणी' हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याच रात्री न्यूयॉर्क टाइम्सने शिरीन यांच्या मृत्युलेखाच्या मथळ्यात, नवी वाट पाडणारी ही पॅलेस्टिनी पत्रकार ५१ व्या वर्षी मरण पावली, अशा अर्थाचे शब्द वापरलेले मी मोबाइलवर पाहिले होते, आणि खरे सांगायचे तर मला हायसे वाटले होते. एवढ्या मोठ्या वृत्तपत्राला चालते, तर आपल्याला का चालू नये? त्या वृत्तपत्राच्या बाजूने एवढे म्हणता येईल की मृत्युलेखाचा तो ठरीव साचा आहे. माझ्यापाशी तेवढाही साचा नव्हता.

त्या सकाळी जेनिनच्या निर्वासित छावणीच्या कडेला शिरीन उभ्या होत्या तेव्हा त्यांच्या अंगात 'प्रेस' असे ठळक लिहिलेले निळे जाकीट होते आणि डोक्यावर शिरस्त्राण होते. गोळी शिरस्त्राणाच्या खाली, कानाजवळ लागली. त्यांच्याबरोबरच्या निर्मात्याला पाठीत गोळी लागली, आणि झाडाच्या बुंध्याआड दबून बसलेली एक तरुण पत्रकार त्यांच्याकडे हात लांबवत होती, हे चित्रण जगाने पाहिले. इस्रायलच्या पंतप्रधान कार्यालयाने पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांचे एक चित्रण पसरविले, आणि त्याच दिवशी बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेने त्या गल्लीत माणूस पाठवून दाखवून दिले की ती जागा वेगळी आहे आणि तेथून शिरीन उभ्या होत्या तिथवर गोळी पोहोचूच शकत नाही. पुढच्या सहा आठवड्यांत एपी, सीएनएन, वॉशिंग्टन पोस्ट यांनी आणि ज्याच्या मथळ्याने मला धीर दिला होता त्या न्यूयॉर्क टाइम्सनेही स्वतंत्र तपास केले. ध्वनीचे अंतर, रस्त्याचे कोन, चित्रणातल्या सावल्या असे सगळे मोजून ते एकाच दिशेला पोहोचले, आणि त्या दिशेला इस्रायली सैन्याच्या गाड्या होत्या. ५ सप्टेंबरला इस्रायली सैन्याने मान्य केले की गोळी त्यांच्याच सैनिकाची असण्याची दाट शक्यता आहे, मात्र ती चुकून लागली. ते गौरी-गणपतीचे दिवस होते आणि पाने जाहिरातींनी भरली होती. ती कबुली आमच्या पानावर लागलीच नाही.

म्हणजे आमच्या वाचकांच्या लेखी शिरीन यांचे निधनच झाले.

वाईच्या सरांचा आवाज मात्र कानातून जाईना. शाळेत सहावी-सातवीत प्रयोग शिकविताना आमच्या बाई 'रामाने रावण मारला' हे वाक्य फळ्यावर लिहायच्या आणि सांगायच्या की हा कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद रावणाच्या मागे चालते, तरी राम वाक्यात उभा आहे, फक्त त्याने तृतीयेचा 'ने' अंगावर घेतला आहे. मराठीचा जुना कर्मणी कर्त्याला घराबाहेर काढत नाही. 'रावण मारला गेला' ही रचना इंग्रजीच्या वळणावरून आली आणि व्याकरणकारांनी तिला नवीन कर्मणी असे वेगळे नाव दिले. तीत रामाला 'कडून' लावून आणता येते, पण न आणला तरी वाक्याचे काही अडत नाही. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी प्रतीचे घाईने भाषांतर करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हीच सोय रोज वापरली. त्याहून जुनी आणि घरगुती सोय आपल्याकडे आहेच, ती म्हणजे लहान मुलाची. कप मी फोडला असे ते म्हणत नाही, कप फुटला असे म्हणते. मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये अंतर केवळ एका कान्याचे आहे. घर पडले आणि घर पाडले. शेत जळले आणि शेत जाळले. माणसे मेली, यातला धातू मरणे, आणि माणसे मारली, यातला मारणे. एक काना गळला की करणारा गळतो आणि उरते ती जणू हवामानाची बातमी.

त्या फोननंतर मी एका वहीत मथळे लिहू लागले. सुरुवातीला ती प्रायश्चित्तासारखी चीज होती, पुढे सवय झाली. शिरीन यांच्या अंत्ययात्रेत जेरुसलेममध्ये पोलिसांनी शवपेटी खांद्यावर घेतलेल्या माणसांना दंडुक्यांनी मारले आणि पेटी एका बाजूने खाली झुकली, हे सगळ्यांनी थेट पाहिले होते, तरी बातम्यांत 'हिंसाचार' आणि 'झटापट' हेच शब्द फिरत होते. इंग्रजीतल्या अशा शब्दासाठी आम्ही डेस्कवर डोळे मिटून 'चकमक' लिहीत असू. ज्या मराठी माणसाने मुंबईची वृत्तपत्रे गेली चाळीस वर्षे वाचली आहेत, त्याला 'चकमकीत ठार' या शब्दांचा वास वेगळा सांगायला नको. त्या वाक्यामागे एखादे न विचारलेले 'कसे' दडलेले असू शकते, हे आपण स्वतःच्या शहराबद्दल शिकलो. जेनिनबद्दल ती अक्कल वापरली नाही.

'व्याप्त' या शब्दाचेही तेच. पाकव्याप्त काश्मीर लिहिताना कुणाही उपसंपादकाचा हात अडखळत नाही, तो शब्द बोटांतच बसला आहे. जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा जो प्रदेश १९६७ पासून इस्रायलच्या लष्करी ताब्यात आहे, त्याच्यामागे मात्र तो लागत नाही. नुसते 'वेस्ट बँक' लिहिले जाते, किंवा 'पश्चिम किनारा'. आमच्या एका नवशिक्या सहकाऱ्याने एकदा 'पश्चिम किनारपट्टीवर गोळीबार' असे लिहिले होते आणि तो मथळा पानावर जाता जाता वाचला, नाहीतर रत्नागिरीहून फोन आले असते. आम्ही खूप हसलो होतो. आता वाटते की ज्या वाचकाला ती जमीन नदीकाठी आहे की समुद्रकाठी हे आम्ही कधी सांगितले नाही, त्याला ती कोणाच्या ताब्यात आहे हे तरी कुठून कळणार होते? ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या माध्यम अभ्यासगटाने २००१ च्या सुमारास विद्यार्थ्यांना नेमके हेच विचारले होते, की कोणी कोणाची जमीन व्यापली आहे आणि वसाहतवाले कोण. बातम्या रोज पाहणाऱ्या देशातल्या त्या मुलांपैकी बरोबर उत्तर देणारे फारच थोडे निघाले. जमीन पॅलेस्टिनींनीच व्यापली आहे आणि वसाहतवालेही तेच आहेत, असे समजणारे त्यांच्यापेक्षा थोडे अधिकच होते.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर माझी वही झपाट्याने भरू लागली. त्या दिवशी हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसे मारली, २५१ जणांना ओलीस नेले, आणि त्या बातम्यांत कर्ता पहिल्या शब्दापासून हजर होता. हमासने ठार केले, हमासने पळविले, हमासने जाळले. तो तसाच असायला हवा होता. माझा आक्षेप त्याच्या शेजारच्या रकान्याला आहे, जिथे गाझातली माणसे स्फोटांत 'मृत्युमुखी पडत' होती आणि इमारती 'कोसळत' होत्या, जणू बांधकामच कच्चे होते. द इंटरसेप्ट या अमेरिकी वृत्तस्थळाने न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट आणि लॉस एंजेलिस टाइम्स या तीन वृत्तपत्रांच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांतल्या बातम्या मोजल्या, तेव्हा हत्याकांड या अर्थाचा इंग्रजी शब्द संपादक आणि वार्ताहरांनी इस्रायली मृतांसाठी १२५ वेळा वापरलेला आढळला आणि पॅलेस्टिनी मृतांसाठी दोनदा. तोवर गाझातल्या मृतांचा आकडा इस्रायली मृतांच्या कित्येक पटींनी पुढे गेला होता. कुणाच्या दुःखाचा शब्द काढून घ्या, अशी ही मागणी नाही. मापाची फूटपट्टी एकच ठेवा, एवढीच ती आहे.

फूटपट्टी एकच म्हटली की ती आपल्याही हातावर बसते. १७ ऑक्टोबरला गाझातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने इस्रायली हल्ल्यात शेकडो ठार झाल्याचा पॅलेस्टिनींचा दावा मोठ्या मथळ्यात दिला, आणि सहा दिवसांनी, आपण एका बाजूच्या दाव्यावर फार विसंबलो, अशी संपादकांची टीप छापली. त्या रात्री मी डेस्कवर होते आणि कर्त्यासह वाक्य लिहिण्याची हौस मलाही आली होती. वाईच्या सरांचे ऋण फेडल्यासारखे वाटून मी 'इस्रायलने रुग्णालय उडविले' असे टंकलेखन करूनही टाकले. वरिष्ठांनी ते खोडून 'रुग्णालयात स्फोट' केले, मला राग आला, आणि नंतर कळले की त्या रात्री माहीत होते त्यावरून त्यांचेच बरोबर होते. माहीत नसलेला कर्ता घुसडणे आणि माहीत असलेला कर्ता गाळणे ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. फरक एवढाच की पहिल्या चुकीची टीप सहा दिवसांत छापून येते. दुसरीला चूक मानायलाच कुणी तयार नसते.

वहीतले सर्वांत जास्त वेळा उघडलेले पान जुलै २०२४ चे आहे. गाझा शहराच्या शुजैया भागात इस्रायली सैनिक एका घरात शिरले, त्यांच्या कुत्र्याने डाउन सिंड्रोम असलेल्या २४ वर्षांच्या तरुणावर झडप घातली, सैनिकांनी कुटुंबाला घराबाहेर काढले, आणि आठवडाभराने कुटुंबीय परतू शकले तेव्हा तो मेलेला सापडला. कुत्रा चावत असताना तो त्याच्या डोक्यावर थोपटून 'पुरे, पुरे' म्हणत होता, असे त्याच्या आईने बीबीसीला सांगितले. बातमी बीबीसीच्या वार्ताहरानेच मिळवलेली होती, चांगली होती, आईचे शब्द त्यात होते. मथळा मात्र गाझातल्या डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाच्या एकाकी मृत्यूचा होता. एकाकी मृत्यू! पुण्यात सदनिकेत एकट्या राहणाऱ्या, मुले परदेशी असलेल्या आजोबांच्या बातमीला तो शोभला असता. खूप ओरड झाली आणि मथळा बदलला. नव्या मथळ्यात सैन्याच्या कुत्र्याने हल्ला केल्याचे आणि त्याला मरायला सोडून दिल्याचे आले, 'आईने बीबीसीला सांगितले' ही जबाबदारीची पुरवणीही आली. दोन्ही मथळे मी वहीत एकाखाली एक लिहून ठेवले आहेत. मजकूर दोन्हींखाली एकच होता. मजकूर हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आहे आणि मुळात त्याचा अर्थ 'ज्याचा उल्लेख झाला आहे ते' असा आहे. बहुतेक वाचक मथळ्याच्या खाली उतरत नाहीत, हे पाने लावणाऱ्यांना कुणी शिकवावे लागत नाही. मथळ्यात नसलेले त्यांच्यापुरते उल्लेखातच नसते.

ओरडीला बळ हवे, आणि तिला शिस्तही लागते. अमेरिकेत इस्रायलच्या बाजूने माध्यमांवर नजर ठेवणारी 'कॅमेरा' ही संस्था १९८२ पासून प्रत्येक नकाशा, प्रत्येक विशेषण तपासून संपादकांना पत्रे पाठवीत आली आहे. माध्यमांचा पक्षपात मोजणारी 'फेअर' १९८६ ची. पॅलेस्टिनींच्या वतीने अशी पत्रे लिहिणारे बराच काळ एकेकटे होते, कुणी प्राध्यापक, कुणी विद्यार्थी, कामावरून आल्यावर रेडिओच्या बातम्या ऐकून टिपणे काढणारे. त्यांची पत्रे वाचली की एक गोष्ट जाणवते, त्यांत आक्रोश फारसा नसतो. अमुक वाजताच्या बातमीपत्रात 'शांततेचा काळ' म्हटला आहे, त्या काळात इतके पॅलेस्टिनी मारले गेले, ही त्यांची नोंद, कृपया दुरुस्ती करावी, असा कोरडा कारकुनी सूर. बीबीसीकडे तक्रारीच्या पायऱ्या आहेत, पहिले उत्तर पटले नाही तर दुसरे, मग वरिष्ठ तक्रार कक्ष, आणि शेवटी ऑफकॉम हा नियामक, आणि तक्रार प्रसारणापासून ३० कामकाजाच्या दिवसांत व्हावी लागते. आपल्याकडे यापेक्षा सोपी पद्धत आहे. ऑपरेटर फोन जोडून देतो आणि उपसंपादक जागा नव्हती म्हणून सांगतो.

नोकरी सोडल्यावर मीही एका मोठ्या परदेशी वृत्तसंस्थेला पत्र लिहिले. तिच्या मथळ्यात गाझातली इमारत कोसळून माणसे दगावली होती आणि हवाई हल्ला चौथ्या परिच्छेदात होता. पत्र चार ओळींचे होते, पण ते लिहायला मला रविवारची अख्खी दुपार लागली, कारण प्रत्येक मसुद्यात राग डोकावत होता आणि रागाचे पत्र टोपलीत कसे जाते हे मी दुसऱ्या बाजूने पाहिलेले होते. अकरा दिवसांनी आभाराचे छापील उत्तर आले. मथळा मात्र बदललेला दिसला. माझ्या पत्राने तो बदलला असे मानायला मन धजत नाही, आणि नाही असे म्हणायलाही नको वाटते. पत्र लिहिताना सर्वांत विचित्र भावना ही होती की मी सोलापूर रस्त्यावरच्या माझ्या घरात चहा घेत एका धातूच्या प्रयोजक, म्हणजे करणारा दाखविणाऱ्या, रूपावर वाद घालत होते आणि त्याच वेळी तिकडे ती क्रिया चालू होती. व्याकरणाचा आग्रह त्या क्षणी किती तोकडा, किती निर्लज्ज वाटला होता! तरी पत्र पाठविले.

परदेशी वार्ताहरांना ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेले नाही. सैन्याबरोबर काही तासांची फेरी तेवढी मिळते. म्हणून तिथून जे काही आपल्यापर्यंत आले ते तिथल्याच पत्रकारांनी पाठविले. ते ज्या तंबूंच्या बातम्या देत होते त्याच तंबूंत राहत होते. पत्रकारांच्या संरक्षणासाठीच्या सीपीजे या समितीने २०२४ या एका वर्षात जगभरात १२४ पत्रकार आणि माध्यमकर्मी मारले गेल्याची नोंद केली, आणि त्यांतले जवळजवळ ७० टक्के इस्रायलच्या हातून. निळी जाकिटे हीच त्यांची ओळख होती आणि काहींनी पुढे तीच अंगात घालायचे सोडले. २५ ऑगस्ट २०२५ ला खान युनिसच्या नासेर रुग्णालयावर इस्रायली मारा झाला तेव्हा जिन्यावरून रॉयटर्सचे थेट चित्रण चालू होते. ते एकाएकी बंद पडले. मदतीला आणि चित्रणाला लोक धावले आणि काही मिनिटांत त्याच जागी पुन्हा मारा झाला. किमान २० जण मारले गेले, त्यांत रॉयटर्स, एपी, अल जझीरा यांच्यासाठी काम करणारे पाच पत्रकार होते. इस्रायलच्या पंतप्रधान कार्यालयाने खेद व्यक्त करताना जो शब्द वापरला त्याचे मराठी 'दुर्दैवी अपघात' असे होते. दुसऱ्या दिवशी एका मराठी दैनिकात मी वाचले, 'गाझात पाच पत्रकारांचा मृत्यू'.

वाईच्या सरांचा क्रमांक त्या दिवशी त्यांनीच आग्रहाने दिला होता आणि मी तो पानाच्या प्रिंटच्या कडेला, शाईच्या पेनने, नाइलाजाने लिहून घेतला होता. तो कागद वहीत राहिला होता. फोन त्यांनीच उचलला. मी ओळख सांगू लागले तर मध्येच म्हणाले, "तुम्हीच का त्या निधनवाल्या?" तीन वर्षे होऊन गेली होती. मी म्हटले, "सर, त्या दिवशी जागा होती." ते म्हणाले, "ते मला माहीत होतं हो." आजचा मथळा त्यांनी सकाळीच अधोरेखित केला होता आणि फोनही केला होता, पण आता ऑपरेटर नसतो, यंत्र असते, आणि त्या यंत्राने त्यांना जाहिरात विभागात नेऊन सोडले. तिथल्या मुलीने त्यांना छोट्या जाहिरातीचा दर सांगितला. हे सांगताना ते हसले आणि मग खोकले.

मी त्यांना सांगितले की नावातही माझी चूक झाली होती. इंग्रजी स्पेलिंगवरून मी 'अक्लेह' केले. अल जझीराचे सहकारी त्यांचे नाव घेताना ऐकले तेव्हा कळले की ते 'आक्ले' असे आहे, मूळ अरबीत आकिला, म्हणजे समजूतदार बाई, शहाणी. "म्हणजे आपली अक्कल त्यातलीच?" त्यांनी विचारले. त्याच धातूतली, मी म्हटले. "थांबा, वही आणतो." बराच वेळ फोनमधून पंख्याचा आवाज येत राहिला, मग पाने उलटल्याचा. "हं. अबू झालं. पुढे अ. अ ला काना आहे ना?"

"आहे, सर."

"आणि आपण तो इतकी वर्षं खाल्ला होता," ते म्हणाले, "हं, पुढचं अक्षर सांगा."